इडिटारोड: अलास्काच्या बर्फात कुत्र्यांच्या मागोमाग

अलास्कातली इडिटारोड ही कुत्र्यांनी ओढलेल्या स्लेजची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांची शर्यत मार्चच्या पहिल्या शनिवारी सुरू होते. जायचा विचार असेल तर पहिला सल्ला हा, की शनिवारचा सोहळा बघून लगेच परतू नका. त्या दिवशी अँकरेजच्या फोर्थ अव्हेन्यूवर ट्रकने आणलेला बर्फ पसरतात, दर दोन मिनिटांनी एक स्लेज सुटते, लोक टाळ्या वाजवतात. पण ती वेळ शर्यतीत धरत नाहीत. खरी शर्यत रविवारी विलो गावातून सुटते आणि साधारण १६०० किलोमीटरवर, बेरिंग समुद्राकाठच्या नोममध्ये संपते.

शनिवारी मुख्य रस्त्यावर गर्दीत ताटकळण्यापेक्षा बाजूच्या गल्ल्यांत फिरा. तिथे कुत्र्यांचे ट्रक लागलेले असतात आणि स्लेज हाकणारे मशर पायमोजे चढवत असतात. प्रत्येक कुत्र्याचे चार पंजे, प्रत्येक पंजाला जाड कापडाची पिशवी, वर पट्टा. अनुभवी कुत्रा आपणहून पुढचा पंजा उचलून देतो. निळ्या डोळ्यांचे, भरगच्च केसांचे सायबेरियन हस्की दिसतील अशी तुमची कल्पना असेल तर ती इथेच बदलते. शर्यतीतले बहुतेक कुत्रे अलास्कन हस्की म्हणजे मिश्र जातीचे असतात. सडपातळ, लांब पायांचे, वजनाने वीस-पंचवीस किलोचे. सुटायच्या आधी ते अक्षरशः उड्या मारतात, भुंकून कान किटवतात. बर्फात रुतवलेला लोखंडी हूक मशरने उपटला की सगळा आवाज एकदम बंद. उरते फक्त पळण्याची लय.

विलोला अँकरेजहून गाडीने दीड-दोन तास लागतात, पण त्या रविवारी रस्ता तुंबतो, म्हणून सकाळी लवकर निघा. वाटेत वसिलाला थांबा. तिथे शर्यतीचं मुख्यालय आहे आणि छोट्या संग्रहालयात टोगो हा कुत्रा पेंढा भरून जतन केलेला आहे. त्याच्याबद्दल पुढे लिहिते. विलोला गोठलेल्या तळ्यावर उभं राहून शर्यत बघायची असते. सुटण्याच्या जागी रेटारेटी करू नका, तळ्यावर पुढे चालत जा. तिथून पूर्ण टीम एका नजरेत दिसते.

कपड्यांचं थोडक्यात: सुती काहीही नको, आतून लोकर. बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे दोन मोजे बसतात आणि बोटं हलवायला जागा राहते. घट्ट बुटात पाय आधी गारठतात. मोबाइल आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. बर्फ कमी पडला म्हणून २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये शर्यत विलोऐवजी फेअरबँक्सहून सोडावी लागली होती. ते अँकरेजपासून पावणेसहाशे किलोमीटरवर आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. शर्यत झाल्यावर आम्ही विलोच्या उत्तरेला एका मशरबाईंबरोबर जंगलात मुक्कामाची स्लेज सफर केली. या भागात अशा सफरी बरेच जण नेतात, अर्ध्या दिवसाच्याही असतात. तुम्ही मात्र रात्रीचा मुक्काम असलेलीच निवडा. अर्ध्या दिवसात गाडीत बसून फोटो निघतात. कुत्रे समजायला त्यांना खाताना, झोपताना आणि सकाळी उठताना बघावं लागतं.

स्लेजला लगाम नसतो. सगळ्यात पुढे लीडर, त्यामागे स्विंग, मग टीम, आणि गाडीला लागून व्हील डॉग, ज्यांच्या अंगावर वळणात सगळा भार येतो. मशरच्या हातात फक्त आवाज. ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. पायाखाली ब्रेक, आणि तो हूक.

आमची लीडर जुनो नावाची मध्यम वयाची कुत्री होती. एका ओढ्यापाशी वाट उजवीकडे उतरत होती. बाईंनी ‘जी’ म्हटलं. जुनो थांबली. परत ‘जी’. तिने कान मागे घेतले, नाक बर्फाला लावलं आणि अंग डावीकडे टाकलं. बाई ओरडल्या नाहीत. हूक रोवला, आम्हाला ब्रेकवर उभं केलं आणि काठी घेऊन पुढे गेल्या. काठी बर्फात वीतभर गेली आणि भिजून वर आली. खालच्या बर्फावर पाणी चढलं होतं आणि वरच्या भुसभुशीत थराने ते झाकलं होतं. तिकडे याला ओव्हरफ्लो म्हणतात. त्यात कुत्र्यांचे पाय आणि आपले बूट भिजले, तर उणे वीसमध्ये पुढचा तास बोटं वाचवण्यात जातो. आम्ही काठाकाठाने डावीकडून पुढे गेलो.

रात्री शेकोटीपाशी मी विचारलं, ती आज्ञा मोडतेय की आळस करतेय हे कसं ओळखता? बाई म्हणाल्या, “त्याचं उत्तर आदल्या रात्रीपासून गोळा करत असते मी. कोण नीट जेवलं, कोणी भांडं अर्धं ठेवलं, कोणाची दोरी सैल पडतेय, कोण डाव्या पायावर जपून टेकतंय. रोज बघितलं की नकाराचा अर्थ कळतो.” न जेवणारा कुत्रा ही त्यांच्या लेखी सगळ्यात पहिली धोक्याची खूण. शर्यतीत एक कुत्रा दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी खातो, त्यामुळे एक जेवण चुकलं तरी फरक पडतो.

मुक्कामाला पोचल्यावरचा क्रम तुम्हीही मनापासून पाळा. आधी कुत्र्यांखाली पेंढा, मग पायमोजे काढणं, मग बर्फ वितळवून कोमट पाण्यात कालवलेलं मांस आणि चरबी, मग प्रत्येक पंजा फाकवून बोटांमध्ये मलम. आपला चहा त्यानंतर. शर्यतीतही हेच चालतं, आणि वर नियम आहेत: एक चोवीस तासांची सक्तीची विश्रांती, आठ-आठ तासांच्या आणखी दोन, तपासणी नाक्यांवर पशुवैद्य. थकलेला किंवा दुखावलेला कुत्रा नाक्यावर सोडतात आणि स्वयंसेवक वैमानिक त्याला छोट्या विमानाने परत आणतात.

जुनोला बघितल्यावर टोगोची गोष्ट मला निराळी कळली. १९२५ च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्प पसरला. औषध रेल्वेने नेनानापर्यंत आलं आणि तिथून पुढचे सुमारे १०८५ किलोमीटर वीस मशर आणि दीडेकशे कुत्र्यांनी पाच-साडेपाच दिवसांत हातोहात पार केले. शेवटचा टप्पा पळणारा बाल्टो हा कुत्रा जगप्रसिद्ध झाला. पण सर्वांत लांब आणि अवघड टप्पा लिओनहार्ड सेपाला यांच्या टीमचा होता. नॉर्टन साउंडच्या फुटू शकणाऱ्या समुद्री बर्फावरून पुढे होता बारा वर्षांचा टोगो. त्या वादळात कुठला बर्फ भार पेलेल हे मागे उभ्या माणसाला दिसणं शक्यच नव्हतं. साठ वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याच भागात बाकीचे मशर वादळ ओसरायची वाट बघत असताना लिबी रिडल्स निघाल्या आणि इडिटारोड जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

शर्यतीचा शेवट बघायचा असेल तर नोमला विमानानेच जावं लागतं, अँकरेजहून रस्ता नाही. खोल्या मोजक्या, त्यामुळे कित्येक महिने आधी बघा. विजेता साधारण नऊ-दहा दिवसांत पोचतो. मिच सीवी यांनी २०१७ मध्ये, फेअरबँक्सहून सुटलेली शर्यत सव्वाआठ दिवसांच्या आत संपवली होती, तर १९७३ च्या पहिल्या शर्यतीत डिक विल्मार्थ यांना वीस दिवस लागले होते. पहिल्या दिवसांची खोली मिळाली नाही तर नंतरची घ्या, माझ्या मते ती जास्त चांगली. टीम जवळ आली की गावात भोंगा वाजतो, विसाव्या नंबरलाही वाजतो, आणि लोक मध्यरात्री कोट चढवून फ्रंट स्ट्रीटवर येतात.

या शर्यतीला विरोधही आहे आणि तो ऐकून घ्यायला हवा. वाटेत कुत्रे मेले आहेत, २०२४ मध्येही तीन मेले. बैलगाडा शर्यतीवर २०१४ ची बंदी ते २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल या काळात आपल्याकडे जे वाद झाले, तेच प्रश्न इथेही आहेत: जनावराला पळायला आवडतं, हे त्याला पळवायला पुरेसं कारण आहे का? पळायचा आनंद खरा आहे हे मी डोळ्यांनी बघितलं. हजार मैलांची सक्ती त्याने समर्थनीय ठरते का, याबद्दल माझं मन अजून पूर्ण तयार नाही. छोट्या सफरीबद्दल मात्र आहे, आणि ती कोणाबरोबर करायची हे पैसे भरण्याआधी तुमच्या हातात असतं.

म्हणून बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा. म्हातारे कुत्रे निवृत्तीनंतर कुठे जातात? सफर नसते तेव्हा कुत्रे साखळीला किती वेळ असतात आणि मोकळे किती? एखादा कुत्रा सकाळी निघायला तयार नसेल तर काय करता? आमच्या बाईंनी तिसऱ्या प्रश्नाला “मग तो राहतो” एवढंच म्हटलं आणि निवृत्त कुत्र्यांकडे नेऊन एकेकाचं नाव सांगितलं. उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली तर दुसरीकडे फोन करा.