‘खुकरी’साठी दीवला

दीवला लोक जातात ते पोर्तुगीजांचा किल्ला आणि नागोआचा किनारा पाहायला. चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर गर्दी होते ती बहुतेक सूर्यास्ताच्या फोटोंसाठी. तिथेच, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या घरात ‘आयएनएस खुकरी’ या भारतीय युद्धनौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे. मी आले होते ती तिच्यासाठी.

डिसेंबर १९७१. पाकिस्तानी पाणबुडीचा माग काढायला मुंबईहून ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ निघाल्या. सोबतीची ‘कुठार’ बॉयलरच्या बिघाडामुळे येऊ शकली नाही. गंमत कसली, दैवदुर्विलास असा की माग काढणाऱ्यांचाच माग निघाला. ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाकिस्तानी पाणबुडीला ही जहाजं लांबूनच कळत होती, आपल्या जुन्या सोनारची, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं टिपणाऱ्या यंत्रणेची, धाव तेवढी नव्हती. ९ तारखेला रात्री नऊच्या सुमारास ‘हंगोर’चा पहिला टॉर्पेडो वाया गेला, दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांतच जहाज तळाला गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजासोबतच गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. टेकडीवर आलेला प्रत्येक जण हीच गोष्ट आपल्या मुलांना सांगत होता, आणि ती सांगावी अशीच आहे. माझ्या मनात मात्र खालच्या डेकवरचे, इंजिनाजवळचे लोक येत राहिले. जहाज सोडायचं की नाही, हे ठरवायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

जहाज बुडालं ते दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर. घरच्यांच्या हाती ना देह आला, ना अस्थी. वर्षश्राद्धाला फूल वाहायचं तर कुठे? दीवचं हे स्मारक झालं डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. तोवर कितीतरी आईवडील हे जग सोडून गेले असतील. हा उशीर मला खटकला, अजूनही खटकतो.

याच नावाचं दुसरं जहाज १९८९ मध्ये नौदलात आलं. डिसेंबर २०२१ मध्ये ते निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीवच्या प्रशासनाकडे सोपवलं गेलं. वेळ कमी असेल तर किल्ल्यातला एखादा बुरूज राहू द्या, पण हे जहाज पाहाच, आणि तेही टेकडीवर जाण्याआधी. आतल्या शिड्या उभ्या आणि वाटा अरुंद. समोरून कोणी आलं की अंग चोरावं लागतं. हे सगळं दिवसाउजेडी, किनाऱ्याला टेकलेल्या जहाजात. अंधारात, कलत चाललेल्या जहाजात, तीच शिडी चढायला किती वेळ लागेल याचा हिशेब तिथे उभं राहून करून बघा. मग ६७ हा आकडा लहान वाटत नाही.