उंच पोरगा म्हणून कायम रिंगखालीच का?

बास्केटबॉलच्या टीममधला सगळ्यात उंच पोरगा दिसला की त्याला रिंगखाली उभा करायचा आणि बुटक्याला सांगायचं तू फक्त ड्रिबल कर, हे मला अजिबात पटत नाही. अहो, १२ वर्षांच्या पोराची उंची पुढं किती होईल कोणाला माहीत! अमेरिकेतल्या एनबीए लीगचा खेळाडू अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारा, खेळायचा, मग एकदम उंच झाला, पण बॉल हँडलिंग राहिलंच ना हातात. म्हणून डाव्या हाताने लेअप (रिंगजवळ जाऊन बॉल टाकणं), पिव्होट (एक पाय रोवून वळणं), बॉक्स आउट (रिंगवरून परत येणाऱ्या बॉलसाठी समोरच्याला पाठीमागे अडवणं), डिफेन्सची पावलं, सगळं सगळ्यांना शिकवा. आणि लहानांना ५ नंबरचा छोटा बॉल, २.६० मीटरची रिंग द्या हो, नाहीतर नेहमीच्या ३.०५ मीटरच्या रिंगपर्यंत पोचवायला पोरं खांद्यावरून बॉल भिरकावतात आणि तीच सवय शूटिंगला चिकटते. प्रॅक्टिसमध्ये ३ विरुद्ध ३ जास्त खेळवा, प्रत्येकाच्या हातात बॉल येतो.