एक्सवायझेडची थकबाकी

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र व्हॉट्सअॅपवर आलं, खाली लिहिलेलं होतं की माजी विद्यार्थ्यांनी शाळेविषयी दोन पानं लिहून द्यावीत, आणि मी लिहायला बसलो तर शाळा राहिली बाजूला आणि आठवले फक्त इंग्रजीचे सर. बाकीच्या सरांनी-बाईंनी राग मानू नये. सर म्हणजे कोणते ते आपल्या बॅचेसना सांगायला नको.

आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, म्हणजे आम्ही त्यात सापडलो नाही. तर शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, पोरांचं सगळं लक्ष घंटेकडं, आणि सर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन अक्षरं लिहायचे. एबीसीडीतली लागोपाठची तीन. ती तिन्ही त्याच क्रमानं, मधे दुसरं काही न घुसता ज्याच्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा, अर्थ सांगायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. ज्याला सापडेल त्याचं नाव पुढच्या शनिवारपर्यंत कोपऱ्यात राहणार, ते पुसायचं नाही. आम्ही त्याला ‘तीन तिगाडा’ म्हणायचो. सरांना ते माहीत होतं.

आरएसटी सोपं, फर्स्ट म्हणून कुणीही ओरडायचं. एसटीयूला स्टुडंट आणि स्टुपिड दोन्ही आले तेव्हा सर म्हणाले, एकाच घरातले दिसतायत. जीएचआय लिहिलं त्या दिवशी मागच्या बाकावरनं कुणीतरी ‘सर, घी!’ म्हटलं आणि वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. सर शांत. म्हणाले, घीच्या शेवटी इंग्रजीत आय नसतो, दोन ई असतात, पण तुम्ही आत्ता जे करताय त्याचं स्पेलिंग लिहा की. लाफिंग! एल-ए-यू-जी-एच-आय-एन-जी. हसता हसता उत्तर तोंडात होतं आणि कळलं नव्हतं. एलएमएनला मुलींकडनं कामनेस आला, त्यातला एल बोलायचा नसतो म्हणून आम्हा पोरांना तो कधी सुचलाच नसता, कारण आम्ही कानानं शोधायचो. डोळ्यानं शोधा रे, असं सर कितीदा म्हणाले असतील.

एबीसी मात्र महिनाभर कुणाला येईना. मग येरळवाडीच्या तलावावर सहल गेली, लोक तिथं फ्लेमिंगो बघायला जातात, आणि सर आम्हाला कडेला घेऊन एक बारकं तपकिरी पाखरू दाखवत बसले, सारखं बुडी मारायचं आणि भलतीकडंच वर यायचं. टिबुकली. म्हणाले, हिला इंग्रजीत डॅबचिक म्हणतात, स्पेलिंग करा. डी-ए-बी-सी... आणि तिथंच सगळे ओरडले. पाखरू उडालं नाही, बुडालं.

आठवीत असताना 24 डिसेंबर 1999ला काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवलं, ते कंदहारला नेलं, हे सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा आमची एफजीएच आणि एचआयजे दोन्ही थकलेली होती. सोमवारी आमच्यातला एकजण वाचनालयातला इंग्रजी पेपर शर्टात लपवून घेऊन आला, त्यात मोठ्या अक्षरात हायजॅक, आणि खाली अफगाण. उड्या मारतच त्यानं सरांना दाखवला. सरांनी पेपर बघितला, घडी घातली आणि म्हणाले, तिथं माणसं जीव मुठीत धरून बसलीत, आणि तुला अक्षरं दिसतायत. त्या दिवशी तास झाला तो नुसता धड्याचा. प्रवासी 31 तारखेला सुटून आले आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सरांनी न बोलता दोन्ही शब्द कोपऱ्यात लिहून खाली त्याचं नाव लिहिलं. अफगाणचा ए कॅपिटल असतो आणि विशेषनाम चालत नाही हा सरांचाच नियम होता, पण त्या दिवशी कुणी काढला नाही.

दहावीच्या निरोप समारंभाला, 2002 साल, सरांनी भाषण केलं नाही. खडू घेतला, एक्सवायझेड लिहिलं, आणि म्हणाले, हे मलाही सापडलेलं नाही, तुमच्याकडं बाकी ठेवतो.

मी साताऱ्याला डी.फार्म केलं. दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीचं पुस्तक उघडून अंगखाजेवरच्या गोळ्यांची नावं पाठ करत होतो, हॉस्टेलला रात्रीचे दोन वाजलेले, आणि एकदम थांबलो. हायड्रॉक्सिझिन. एच-वाय-डी-आर-ओ-एक्स-वाय-झेड... पार्टनरला उठवून सांगितलं, तो म्हणाला झोप. गंमत म्हणजे त्या औषधानं झोप येते, दुष्परिणामात सॉम्नोलेन्स लिहिलेलं असतं, आणि त्यात एमएनओ आहे!

लगेच सरांकडं जायला पाहिजे होतं. गेलो नाही. परीक्षा, मग नोकरी, मग स्वतःचं मेडिकल, आज दोन दुकानं आहेत, सात माणसं कामाला आहेत, सांगायला बरं वाटतं पण तेवढी वर्षं एक शब्द सांगायला सवड मिळाली नाही हेही खरंच आहे. आता शाळेत स्क्रीन आल्यात असं ऐकतो, पोरांना मोबाईलमधे तीन अक्षरं टाकली की यादीच येते. चांगलं आहे. मला आवडत नाही, एवढंच.

शेवटी गेलो तेव्हा सर रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. गोळ्यांची रिकामी स्ट्रिप नेली होती. पाया पडलो, स्ट्रिप हातात दिली, सरांनी चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्याजवळ नेली आणि बारक्या अक्षरांवरनं बोट फिरवत गेले. एक्सवर आल्यावर बोट थांबलं. काही न बोलता आत गेले आणि वही घेऊन आले. एबीसीपासून एक्सवायझेडपर्यंत चोवीस ओळी, पुढं शब्द, त्यापुढं आमची नावं. शेवटच्या ओळीत शब्द लिहिला, माझं नाव लिहिलं, आणि विचारलं, ‘अर्थ?’

म्हटलं, खाजेवरचं औषध आहे सर.

‘वाक्यात उपयोग कर.’

आणि मी, दोन दुकानांचा मालक, खुर्चीतनं उठून उभा राहिलो. वाक्य केलं. सरांनी त्यात एक चूक काढली.

निघताना वहीतल्या मोकळ्या ओळी दाखवून म्हणाले, पीक्यूआर बघ आता. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या औषधाचं नाव आधी डोळ्यानं वाचतो, मग भाव बघतो. अजून नाही मिळालं. कार्यक्रमाला सर येणार आहेत असं कळलंय, त्याच्या आत कुणाला सापडलं तर मला फोन करा, नाव तुमचंच लावू.