मधे किती गोष्टी धरून चाललोय ते आधी मोजा

सोलापुरात नळाला पाणी कधी येणार हा आधीच चार-चार दिवसांचा विषय असतो, त्यात ठरलेल्या दिवशी आलं नाही की गल्लीच्या ग्रुपवर लगेच सुरू होतं, मुद्दाम केलंय, आपल्याच गल्लीचा व्हॉल्व बंद ठेवलाय, मागच्या इलेक्शनचा राग काढालेत. आता हे ऐकायला एका वाक्याचं आहे म्हणून सोप्पं वाटतं, पण जरा सोडवून बघा. कुणाला तरी आपला राग पाहिजे, आपली मतं कुणाला गेली ते त्याला कळलेलं पाहिजे, व्हॉल्ववाला त्याचं ऐकणारा पाहिजे, आणि शेजारच्या गल्लीला पाणी देऊन फक्त आपली तोडता येईल अशी पाइपलाइन पाहिजे. उलट रात्री लाइट गेली, टाकी भरली नाही, एवढ्यात विषय संपतो, आणि शेजारच्या गल्लीत पाणी आलं का हे एका फोनवर कळतं. करणी-भानामतीचंही असंच, शब्द एक पण पोटात डझनभर गृहीतकं. म्हणून मला वाटतं साधं स्पष्टीकरण म्हणजे छोटं वाक्य नाही, पटकन पटणारं तर अजिबात नाही, ज्यात न तपासलेल्या गोष्टी कमीत कमी धराव्या लागतात ते साधं.

ओळखीच्या एकांचे टॉवेलचे माग आहेत, तिथलं बघितलेलं सांगते. एका मागावरच्या मालात उभी बारीक रेघ यायला लागली. मालक म्हणाले सूत खराब आलंय, मग म्हणाले रंगवाल्याने घोळ केलाय, नंतर तर रात्रपाळीच्या कामगारावरच संशय घेतला, आणि तिन्ही एकत्र करून अशी गोष्ट तयार झाली की ऐकणाऱ्यालाही खरीच वाटावी. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आला, त्यानं कापड पसरलं, काठापासून रेघ किती लांब आहे ते बोटानं मोजलं, आधीच्या बीमवरचा (ताण्याचं म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ तो बीम) तुकडा मागवून त्याच्यावरही मोजलं. दोन्हीकडं अंतर तेच. म्हणाला, "मालक, बाण्याचं सूत वाईट असतंय तर रेघ आडवी आली असती की, अन् ताण्याचं असतंय तर बीम बदलल्यावर गेली असती. ही जागा सोडंना, म्हणजे मागातच कायतर हाय." ताण्याचे धागे ज्यातून जातात त्या फणीचा एक दात वाकलेला निघाला. मला त्याची पद्धत फार आवडली, कारण त्यानं कुणावर विश्वास ठेवा असं म्हटलंच नाही, रेघ जशी दिसते तशी दिसायला कमीत कमी काय पुरेल एवढंच शोधलं.

ह्याच्यामागं सरळ गणित आहे. समजा तुमच्या गोष्टीत पाच गृहीतकं आहेत, एकमेकांवर अवलंबून नाहीत आणि प्रत्येक खरं असण्याची शक्यता 90 टक्के, म्हणजे चांगलीच भक्कम. तरी पाची एकदम खरी असण्याची शक्यता 59 टक्क्यांवर येते, आणि दहा धरली तर 35. म्हणजे प्रत्येक तुकडा पटतो पण अख्खी गोष्ट बहुतेक खोटी, आणि आपण फसतो ते इथंच. दुसरं म्हणजे फाटे असलेल्या गोष्टीला कुठूनही ठिगळ लावता येतं, एक अंदाज चुकला की दुसरा पुढं करायचा, त्यामुळं ती चुकलीय हे कधी सिद्धच होत नाही. साधी गोष्ट चुकली तर लगेच पकडली जाते, आणि खरं शोधणाऱ्याला तेच तर पाहिजे.

14व्या शतकातल्या ओकहॅमच्या विल्यम नावाच्या इंग्लिश साधूच्या नावानं हा विचार जगभर चालतो, ओकहॅमचा वस्तरा म्हणतात. पण आपल्याकडं नैयायिकही, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, वादात हेच बघायचे, दोन कल्पनांनी काम सारखंच होत असेल तर जिच्यात लाघव म्हणजे हलकेपणा ती घ्यायची, जिच्यात गौरव म्हणजे फुकटचा बोजा ती सोडायची. हे शाळेत शिकवत का नाहीत कोण जाणे.

21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांत रांगा लागल्या होत्या तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला, आणि पृष्ठताणामुळं चमच्यातून ओढलं गेलेलं दूध मूर्तीवरून पातळ थरानं खाली उतरताना सगळ्यांना दिसलं. श्रद्धेला धक्का लावायची गरजच पडली नाही, थेंब कुठं जातो एवढंच बघायचं होतं.

पण साधं म्हणून आपोआप खरं असंही नाही, आणि ह्याचं माझं आवडतं उदाहरण आकाशातलं आहे. युरेनस गणितापेक्षा थोडा सरकायचा, तेव्हा ल व्हेरिए ह्या फ्रेंच माणसानं एक न दिसलेला ग्रह धरला, आणि 1846 मध्ये नेपच्यून खरंच सापडला. मग बुधाची कक्षाही शंभर वर्षांत थोडी जास्त फिरते (त्याच्या मोजणीनं 38 विकला, पुढं नीट मोजल्यावर 43; विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) हा हिशेब लागेना, तर त्यानं पुन्हा तेच केलं, सूर्याजवळ एक ग्रह धरला, नाव व्हल्कन. सूर्याच्या उजेडात तो दिसणार कसा, म्हणून लोक खग्रास ग्रहणांत त्याला शोधायचे. (अशी ग्रहणं तेव्हा किती मोठी गोष्ट होती बघा, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळी आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरला येऊन राहिली होती, सूर्याच्या प्रभामंडळाचे फोटो काढायला.) व्हल्कन नव्हताच. 1915 मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचाच नवा नियम मांडला आणि ते 43 बरोब्बर निघाले, एकही नवा ग्रह न धरता. गणित महाकठीण, पण वरून चिकटवलेलं काही नाही.

डॉक्टर लोकांचंही मला बरोबर वाटतं. तरुण पोराला ताप, पुरळ, सांधेदुखी एकदम आली तर तीन आजार कशाला धरायचे, तिन्ही लक्षणं देणारा एक आधी तपासतात. पण सत्तरीच्या माणसाला शुगर, बीपी, गुडघे आधीपासून असतातच, तिथं दोन-तीन आजार एकदम असणं हीच नेहमीची गोष्ट. तिथं सगळं एकाच कारणात कोंबायला गेलं तर तेच ओढूनताणून होतं, आणि मग चांगला डॉक्टर एकेक दुखणं वेगळं करून विचारत बसतो.