फक्त चुंबकांवर चालणारे चाक: एका फेरीची १८० मापे

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की, फक्त चुंबकांच्या जोरावर अखंड फिरावे म्हणून बनवलेल्या माझ्या चाकाच्या एका पूर्ण फेरीअखेर ६ मिलीज्यूल ऊर्जा शिल्लक राहते. तो आकडा मी मागे घेत आहे. तो कसा आला, का चुकला आणि पुन्हा मोजल्यावर काय निघाले, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या छंदात असलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या वहीत असा एखादा आकडा असेल आणि तो मनातून जात नसेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी रचना थोडक्यात सांगतो. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची ३०० मिलिमीटर व्यासाची तबकडी उभ्या शाफ्टवर दोन ६०८ बेअरिंगांमध्ये फिरते. बेअरिंगांतले ग्रीस रॉकेलने धुऊन काढले आहे. तबकडीच्या कडेला एकच निओडिमियम चुंबक, २० मिलिमीटर व्यासाचा आणि १० मिलिमीटर जाडीचा, बाहेर तोंड करून बसवला आहे आणि समोरच्या कडेला त्याच्या वजनाचा पितळी तुकडा आहे. भोवतीच्या स्थिर चौकटीवर १२ बाय ६ मिलिमीटरचे ६१ चुंबक दर ५ अंशांवर, ० ते ३०० अंशांपर्यंत, सर्पिल मांडणीत आहेत. सुरुवातीला तबकडीचा चुंबक आणि स्थिर चुंबक यांमधले अंतर ४० मिलिमीटर असून ते कमी होत होत शेवटी १५ मिलिमीटरवर येते. सगळी मांडणी आकर्षणाची आहे, त्यामुळे तबकडीचा चुंबक कमी अंतराच्या दिशेने आपोआप ओढला जातो. शेवटचे ६० अंश मोकळे आहेत.

हाताने सोडल्यावर तबकडी जवळजवळ सगळी सर्पिल स्वतःहून चालून जाते. ते दृश्य मी शेकडो वेळा पाहिले आहे आणि दर वेळी छाती भरून येते. मग ३०० अंशांच्या चुंबकापाशी ती थांबते, थोडी पुढे-मागे डोलते आणि तिथेच राहते. हीच ती अडण्याची जागा. शाफ्टला टर्निंग करून देणारे शिवाजी उद्यमनगरातले मिस्त्रीकाका पहिल्यांदा हे पाहायला आले, तेव्हा त्यांनी बोटाने तबकडी त्या जागेवरून पुढे ढकलली आणि म्हणाले, "हितं लई धरतंय बघा. आधी जेवढं दिलं तेवढं हितं काढून घेतंय." त्या वेळी मला हे वाक्य घाईचे वाटले होते. न मोजता कसे म्हणायचे?

म्हणून मोजले. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कास्टिंगची तपासणी करण्यात माझा दिवस जातो, तेव्हा मोजमाप हा माझा स्वभावच झाला आहे. शाफ्टवर ५० मिलिमीटर त्रिज्येची कप्पी बसवली, तिच्यावरून न ताणला जाणारा दोरा घेतला आणि दोऱ्याचे टोक एक किलोच्या पितळी वजनाला बांधले. ते वजन, हुपरीच्या चांदी कारागिरांकडे असतो तशा दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवले. तबकडी जितकी ओढेल तितके काट्यावरचे वजन कमी दिसते. वीस ग्रॅम कमी दिसले, तर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, साधारण ०.०१ न्यूटन-मीटर. घर्षणाचा परिणाम जावा म्हणून प्रत्येक कोनावर दोन्ही बाजूंनी येऊन दोन मापे घ्यायची आणि त्यांची सरासरी धरायची. धुतलेल्या बेअरिंगचे घर्षण त्यातूनच कळले: कप्पीवर सुमारे ०.६ ग्रॅम, म्हणजे एका फेरीला जवळपास २ मिलीज्यूल.

एप्रिलमध्ये मी दर १० अंशांवर, म्हणजे ३६ ठिकाणी मापे घेतली. पुढे ढकलणाऱ्या टॉर्कची बेरीज ६१ मिलीज्यूल आली आणि मागे खेचणाऱ्याची ५५. ते ६ मिलीज्यूल पाहून मला रात्रभर झोप लागली नाही.

पण त्याच आकड्यात त्याचे खंडन दडलेले होते आणि ते मला दोन दिवस दिसले नाही. फेरीला ६ मिलीज्यूल मिळतात आणि घर्षणात २ जातात, तर ४ उरायला हवेत. अशा चाकाला एकदा अडण्याच्या जागेपलीकडे जाण्याइतकी गती दिली, की ते प्रत्येक फेरीला थोडे थोडे वेग घेत गेले पाहिजे. प्रत्यक्षात मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वेगाने सोडलेले चाक पंचवीस-सव्वीस फेऱ्यांत मंदावत जाऊन ठरल्या जागी अडत होते. चाक एक सांगत होते आणि माझी वही दुसरेच. अशा वेळी चाकावर विश्वास ठेवायचा असतो.

वहीतल्या चुका तीन निघाल्या. पहिली म्हणजे मापांमधले अंतर. अडण्याच्या जागेचा जोर जेमतेम पंधरा-वीस अंशांत एकवटलेला आहे आणि त्या भागात माझी दोन-तीनच मापे पडली होती. सर्वांत मोठे माप ४३० ग्रॅमचे होते, पण खरे शिखर दोन खुणांच्या मध्ये, ५४० ग्रॅमवर होते. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. स्थिर चुंबक दर ५ अंशांवर आहेत. त्यामुळे जिथे अंतर कमी आहे, तिथे टॉर्क एकसारखा न राहता प्रत्येक चुंबकागणिक कमी-जास्त होतो. मी दर १० अंशांवर मोजत होतो, म्हणजे प्रत्येक माप चुंबकाच्या संदर्भात नेमक्या त्याच जागी पडत होते आणि माझ्या दुर्दैवाने ती जागा पुढे ढकलणाऱ्या उंचवट्याची होती. लाटा मोजायला बसावे आणि प्रत्येक वेळी लाटेच्या माथ्यावरच नोंद करावी, तसे ते झाले.

तिसरी चूक उन्हाळ्याची. माझी कार्यशाळा पत्र्याच्या छपराखाली आहे. पुढच्या दिशेची मापे मी सकाळी घेतली आणि मागच्या दिशेची, दोरा उलटा गुंडाळून, दुपारी. निओडिमियम चुंबकाची चुंबकीय तीव्रता दर अंश सेल्सियसमागे सुमारे ०.११ ते ०.१२ टक्के घटते आणि दोन चुंबकांमधले बल दोघांच्या तीव्रतेच्या गुणाकारावर चालते. सकाळ-दुपारमध्ये १० अंशांचा फरक पडला, तर बलात सव्वादोन-अडीच टक्क्यांची घट येते, म्हणजे ५५ मिलीज्यूलमध्ये एक-सव्वा मिलीज्यूल नुसत्या उन्हाने खाल्ले.

दुसरी फेरी जुलैमध्ये, सलग पावसाच्या दिवसांत घेतली. खोलीचे तापमान दिवसभर अंशभरही हलत नव्हते. प्लायवूड दमटपणाने फुगू नये म्हणून आधीच दोन हात व्हार्निश मारले होते. दर २ अंशांवर एक, अशी १८० ठिकाणची मापे घेतली आणि प्रत्येक कोनावर पुढची-मागची मापे लागोपाठ घेतली. तीन रविवार त्यात गेले. पुढची बेरीज ५७ मिलीज्यूल, मागची ५८. माझ्या पद्धतीतली अनिश्चितता ३ मिलीज्यूलची आहे, तेव्हा या दोन आकड्यांत फरक नाही असेच म्हणावे लागते.

हे असेच का यावे, याचे कारण मला आता पुस्तकातल्यापेक्षा हातातून अधिक कळले आहे. विद्युतप्रवाह नसेल, तर स्थिर चुंबकांच्या क्षेत्रात तबकडीच्या प्रत्येक कोनाला एक ठरलेली ऊर्जा असते, जशी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या प्रत्येक वळणाला ठरलेली उंची असते. वाट लांबची असो वा चढणीची, निघालेल्या जागी परत आलो की चढ आणि उतार यांचा हिशेब जुळलाच पाहिजे. सर्पिल मांडणीत आपण उतार लांबवतो आणि चढ आखूड व उभा करतो. आकार बदलतो, पण बेरीज बदलत नाही. आणखी चुंबक लावले, तिरके लावले, आकर्षणाऐवजी प्रतिकर्षण घेतले, तरी ऊर्जा कोनावरच अवलंबून राहते.

"मग अडण्याच्या जागी लोखंडी पत्रा आडवा सरकवून चुंबक झाकला तर?" असे अनेक जण विचारतात. मीही २ मिलिमीटरचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पत्रा घेऊन पाहिले. अडण्याची जागा ३६ मिलीज्यूलने खरोखर हलकी झाली, परंतु पत्रा आत-बाहेर करायला ४१ मिलीज्यूल लागले, कारण चुंबक पत्र्यालाही तितक्याच निष्ठेने धरतो. वरचे ५ मिलीज्यूल लोखंडाला वारंवार चुंबकित करण्यात उष्णता होऊन गेले, असे मी समजतो.

चुंबक म्हणजे इंधन आहे, हळूहळू संपेल पण तोवर चालेल, असाही एक विचार असतो. त्याचाही हिशेब मांडून पाहावा. माझे चुंबक एन-४२ श्रेणीचे आहेत. त्यांच्या बाह्य क्षेत्रात जास्तीत जास्त साठू शकणारी ऊर्जा घनसेंटिमीटरला सुमारे ०.१७ ज्यूल, म्हणजे ६२ चुंबकांची मिळून साडेसात ज्यूलच्या आत. भिंतीवरच्या घड्याळातल्या एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण दहा हजार ज्यूल असतात. चुंबकांतला शेवटचा कणही पिळून काढता आला, असे धरले तरी घर्षणाला पुरून चाक मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वेगाने तासभर फिरेल, इतकेच.

हे स्वप्न जुने आहे आणि त्याचा मला आदर आहे. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, स्वतः फिरणाऱ्या चक्राचे वर्णन केले आहे. चुंबकावर फिरणाऱ्या चक्राचे वर्णन पीटर पेरेग्रिनसच्या १२६९ च्या पत्रात आहे. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणेच बंद केले. हॉवर्ड जॉन्सन यांना १९७९ मध्ये अमेरिकेत स्थायी चुंबकांच्या मोटरचे पेटंट मिळाले, याचा दाखला नेहमी दिला जातो. पण पेटंट म्हणजे यंत्र चालल्याचा पुरावा नव्हे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(अ) प्रमाणे तर प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारा दावा शोध म्हणून धरलाच जात नाही.

या महिन्यात आणखी एक मोजणी झाली, ती पुढच्या कामाला उपयोगी आहे. स्थिर चुंबकांची चौकट काढून ठेवली असता चाकाचा वेग मिनिटाला १२० फेऱ्यांवरून ६० वर यायला १ मिनिट ४४ सेकंद लागले. चौकट लावल्यावर तेच अंतर १ मिनिट २१ सेकंदांत संपले. चुंबक चाकाला मदत करत नाहीत, उलट जवळच्या धातूत भोवरा प्रवाह, म्हणजे धातूच्या आत गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण करून ब्रेक लावतात. चौकटीचे लोखंडी बोल्ट काढून मिस्त्रीकाकांकडून पितळी बोल्ट करून घेतले, तेव्हा १ मिनिट ३३ सेकंद मिळाले. उरलेला फरक चुंबकांच्या स्वतःच्या निकेलच्या मुलाम्यात आणि अंगात फिरणाऱ्या प्रवाहांचा असावा.

एक सावधगिरी नमूद करतो. चौकट उतरवताना दोन चुंबक सुटून एकमेकांवर आदळले, एकाचा कोपरा उडाला आणि आतला करडा, काचेसारखा ठिसूळ भाग उघडा पडला. माझ्या अंगठ्याचे कातडे मध्ये सापडले होते. चष्मा लावूनच काम करावे आणि पेसमेकर असलेल्या व्यक्तीला टेबलाजवळ येऊ देऊ नये.

चाक मी मोडणार नाही. अडण्याच्या जागी, ३०० अंशांवर, एक तांब्याची कॉइल गुंडाळून बसवायची आणि हॉल सेन्सरने (चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या सेन्सरने) चुंबक समोर आल्याचे कळले की क्षणभर प्रवाह सोडायचा, असे ठरवले आहे. छताच्या बीएलडीसी (ब्रशविना डीसी मोटरच्या) पंख्यात हेच घडते: चुंबक धरून ठेवतो, काम वीज करते. कॉइलला फेरीमागे किती मिलीज्यूल द्यावे लागतात हे मोजून त्याच वहीत, त्याच ५७ आणि ५८ च्या खाली लिहायचे आहे. तार २८ गेजची घ्यावी की ३० ची, याबद्दल कोणाचा अनुभव असेल तर जरूर कळवावा.