महागडा चिप लावला आणि प्लेयर कर्कश झाला

सीताबर्डीत रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, मे महिन्यात गिऱ्हाईक कमीच, आले तर कूलरवाले. अशा भर दुपारी एक काका जुना सीडी प्लेयर घेऊन आले, सोबत नातू. आतमध्ये टीडीए १५४१ए, म्हणजे फिलिप्सचा तो जुना १६ बिटचा डॅक, सीडीवरच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा चिप, अजूनही लोकं शोधत फिरतात याला. तक्रार अशी की ख्यालाची सीडी लावली की तानपुरा कर्कश वाटतो आणि बारीक हम्म पण येते.

मी म्हटलं, काका, याच्यात कोणी हात घातला? नातू लगेच, "भाऊ, मीच ऑपअँप बदलला ना, एनई५५३२ काढून महागाचा टाकला, तरी असा काऊन वाजून राहिला?" ऑपअँप म्हणजे डॅकच्या पुढं सिग्नल सांभाळणारा अँप्लिफायर चिप, एनई५५३२ हा त्यातलाच जुना.

झाकण काढलं तर पोट्ट्याची सोल्डरिंग चांगलीच होती, खोटं नाही बोलणार. नवा चिप बारीक सरफेस माउंटचा, तो छोट्या अडॅप्टर बोर्डावर, अडॅप्टर सॉकेटमध्ये. पाच मिनिटं चालू ठेवून चिपवर बोट ठेवलं तर ठेववेना. तिथंच कळलं. स्कोप, म्हणजे सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र, त्याचा प्रोब १०एक्सवर करून आउटपुट पिनला लावला, डिस्क थांबलेली, तरी रेघ जाडजूड, टाइमबेस आवळून रेघ ताणून पाहिली तर काही मेगाहर्ट्झचं ऑसिलेशन, म्हणजे चिप आपोआपच थरथरत होता! कानाला ते थेट ऐकू येत नाही, पण त्याच्यामुळे गाण्याचा पार चोथा होतो.

कारण साधं आहे. जुना ५५३२ बराच सहन करतो. फास्ट चिपला सप्लाय पिनच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लागतो, नाहीतर रेग्युलेटरपासून (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) इथपर्यंतच्या लांब ट्रॅकचं इंडक्टन्स त्याला नाचवतं, आणि इथं तर सॉकेट अन् अडॅप्टरनं पाय अजून लांब केलेले. डेटाशीटमध्ये हे लिहिलेलं असतं पण व्हिडिओत कोण सांगते. अडॅप्टरच्या खालूनच दोन सिरॅमिक लावले, रेघ एकदम बारीक झाली, चिप कोमट. चिप काही बदलला नाही, त्याचा दोष नव्हताच.

हम्म मात्र वेगळीच भानगड. डॅकला +५, -५ आणि -१५ असे तीन सप्लाय लागतात, त्यातल्या -१५ च्या रेग्युलेटरच्या आधीचा फिल्टर कॅपॅसिटर वाळलेला, १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, इतका की प्रत्येक खड्ड्यात रेग्युलेटरला व्होल्टेज कमी पडून तो सुटत होता. अशा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान १० डिग्री वाढलं की साधारण अर्धं होतं, आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा, वर प्लेयर ठेवला बंद कपाटात अँप्लिफायरच्या डोक्यावर, मग काय होणार. सगळे १०५ डिग्रीवाले टाकले.

हात लागलाच होता म्हणून डॅकच्या आधीच्या डिजिटल फिल्टर चिपला वेगळा ७८०५, म्हणजे ५ व्होल्टचा रेग्युलेटर, दिला. ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या २५६ पट, याच चिपवर चालतो, आणि हा चिप करंट पण भरपूर खातो, तो कचरा बाकीच्या ५ व्होल्टच्या लाइनवर जायला नको. माझ्या मते मॉडमध्ये, म्हणजे असे फेरबदल करण्यात, पैसा घालायचाच तर सप्लायमध्ये घाला, ऑपअँपचा नंबर त्यानंतर.

काकांनी दुकानातच हेडफोन लावून डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि मग नातवाला म्हणाले, "यांच्याकडं येऊन शीक बे." पोट्टा आता रविवारी येते, सध्या त्याला फक्त स्कोप पकडायला देतो, सोल्डरिंग आयर्न नाही.