दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

सोमवार, रात्री

'दऱ्या' हा साधा शब्द संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येतो, आणि पडद्यावर तिन्ही वेळा तो हुबेहूब सारखा दिसतो.

पहिली तऱ्हा: द, मग युनिकोड या, लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकातला ०९३१ क्रमांकाचा ऱ (खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, असलेला), हलन्त (पाय मोडायची खूण), य आणि काना. पाच चिन्हं, यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत १५ बाइट. दुसरी: द, साधा र, नुक्ता वेगळा, हलन्त, य, काना. सहा चिन्हं, १८ बाइट. तिसरी: द, साधा र, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा 'झिरो विड्थ जॉइनर' (शून्य रुंदीचं जोडचिन्ह), मग य आणि काना. इथेही सहा चिन्हं, १८ बाइट. वाचणाऱ्याला तिन्हींत 'य'ला चिकटलेला तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र दिसतो. शोधायला बसलेल्या यंत्राला मात्र हे तीन वेगळे शब्द वाटतात. एका तऱ्हेने टंकलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेच्या मजकुरात शोधला, की पुष्कळदा 'सापडला नाही' असं उत्तर येतं. शब्द डोळ्यांसमोर असताना!

याचं मूळ जुनं आहे. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत हा अर्धा र जॉइनर लावून लिहायची सोय होती. पुढे ०९३१ला हलन्त लावून तो लिहायचा, असं ठरलं. ते अक्षर मुळात तमिळ-मल्याळममधला कठोर र देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेलं, मराठीने ते आपल्या कामाला लावलं. आधीचा मजकूर वाचता यावा म्हणून जॉइनरची तऱ्हाही चालू राहिली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर पहिली तऱ्हा सरळ मिळते: शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य. तीन कळा, आणि आत साठतं तेही स्वच्छ.

आपल्या मजकुरात कोणती तऱ्हा आहे हे बघायला वेगळं साधन लागत नाही. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबत जायचं. बहुतेक ठिकाणी तो एकेक चिन्ह खोडतो. काना गेला, य गेला, हलन्त गेला आणि उरलेल्या र खाली ठिपका दिसला, तर जॉइनर नाही. मध्येच एका दाबाला काहीच खोडलं गेल्यासारखं वाटलं नाही, किंवा अर्ध्या र चा आकार नुसताच बदलला, आणि शेवटी बिनठिपक्याचा र उरला, तर जॉइनर होता.

मंगळवार

दुरुस्तीचा क्रम चुकला तर नुकसान मूळ दुखण्यापेक्षा मोठं होतं, म्हणून आज फक्त क्रमाबद्दल.

आधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात आणायचा, म्हणजे समतुल्य तऱ्हांना एकच ठरलेलं रूप मिळतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यासाठी युनिकोडडेटा हे मॉड्यूल आयतं असतं, त्यातलं नॉर्मलाइझ वापरायचं. यामुळे 'र अधिक वेगळा नुक्ता' ही दुसरी तऱ्हा पहिलीत मिसळते. तिसरी मिसळत नाही, कारण युनिकोडच्या लेखी जॉइनरची तऱ्हा आणि ०९३१ची तऱ्हा समतुल्य नाहीत. अशी समतुल्यता मागाहून बदलायची नाही हा युनिकोडचा पक्का नियम आहे, म्हणून हे काम आपल्यालाच करावं लागतं: 'र, हलन्त, जॉइनर' हा क्रम शोधून त्याच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायचं.

उरलेले अदृश्य जॉइनर त्यानंतरच बघायचे. मजकूर 'साफ' करणारी पुष्कळ साधनं पहिल्याच पायरीला सगळी शून्य-रुंदीची चिन्हं उडवतात. इंग्रजीला त्याने काही होत नाही. मराठीत जॉइनर गेला की अर्धा र वर चढून रफार होतो: सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्याला दिलेला पगार आचार्याला जातो. वर दोन्ही शब्द शुद्ध, म्हणजे शुद्धलेखन तपासणारं साधनही गप्प बसतं. अर्थ बदलला हे कुणालाच कळत नाही. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. चूक तांबड्या रेघेखाली आली असती तर निदान सापडली असती.

नॉन-जॉइनर, म्हणजे अक्षरं जुळू न देणारं अदृश्य चिन्ह, हेही सरसकट काढू नये. 'षट्‌कोन' लिहिताना ट चा पाय मोडलेलाच दिसावा म्हणून ते मुद्दाम घातलेलं असतं.

गुरुवार

ॲ या अक्षराचीही अशीच गत. स्वतंत्र ॲ युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आला, क्रमांक ०९७२. तोवर लोकांनी अ वर चंद्र ठेवून काम भागवलं, किंवा हिंदीच्या वळणाचा ऍ घेतला. त्यामुळे आज ॲप, अॅप आणि ऍप असे तीन शब्द नांदताहेत. मधला प्रकार काही ठिकाणी अ आणि चंद्राच्या मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन उमटतो, कारण स्वराला आणखी स्वरचिन्ह लावणं तिथला अक्षरजुळणीचा नियम मान्य करत नाही. इथेही एनएफसी मदतीला येत नाही. मराठी मजकुरात 'अ अधिक चंद्र' आणि ऍ, दोन्हींच्या जागी सरळ ०९७२ घालावा.

विसर्गाबद्दल एकच ओळ: 'दु:ख' मधला कोलन बदलून 'दुःख' करावं, नाहीतर शब्दावर दोनदा क्लिक केल्यावर बऱ्याच ठिकाणी 'दु' एकीकडे आणि 'ख' दुसरीकडे निवडला जातो.

शुक्रवार, उशिरा

जुन्या फाँटांचा मजकूर हे वेगळंच प्रकरण आहे. कृतिदेवसारख्या फाँटात 'मराठी' हा शब्द मराठीत साठलेलाच नसतो. आत असतात ती इंग्रजी अक्षरं ई, जे, के, मोठा बी आणि एच, त्यांना देवनागरी चेहरा फाँट देतो. फाँट काढला की उरते ती इंग्रजी अक्षरांची रांग. महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांत, छापखान्यांत वर्षानुवर्षं जमलेला मजकूर अशाच फाँटांत आहे, आणि तो युनिकोडमध्ये आणणं हे मराठीच्या जपणुकीचं काम आहे असं मी मानतो. ग्रंथ जपतो तसं.

रूपांतर कुठे फसतं ते 'स्थिती' या शब्दात नीट दिसतं. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात आणि तशीच आधी साठते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवायची असते, दिसते मात्र आधी. साधं रूपांतर-साधन वेलांटी उचलून लगेच पुढच्या खुणेमागे ठेवतं. पुढची खूण असते अर्धा स. परिणाम: 'स्िथती'. वेलांटी अर्ध्या अक्षरावर लटकलेली. ती एक खूण ओलांडून चालत नाही, पूर्ण जोडाक्षर ओलांडावं लागतं. रफाराचं याच्या उलट: जुन्या फाँटात 'धर्म' मधला रफार म नंतर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी न्यावे लागतात, आणि म ला काना-मात्रा असेल तर तीही ओलांडून.

म्हणून रूपांतर झाल्यावर संपूर्ण मजकूर वाचण्याआधी एक शोध घ्यावा: हलन्तानंतर लगेच आलेलं कोणतंही स्वरचिन्ह. मराठीत अशी जोडी कधीच बरोबर नसते. जिथे सापडेल तिथे चूक आहे.

आणि एक छोटी फाइल कायम जवळ ठेवावी: दऱ्या, दर्या, आचाऱ्याला, आचार्याला, तऱ्हा, ऱ्हास, ॲप, दुःख, षट्‌कोन, स्थिती, धर्माने. नवं साधन हाती आलं की आधी ही फाइल त्यातून काढायची आणि मूळ फाइलशी बाइटला बाइट लावून बघायची.